कुरडया आणि कंडेन्सर

“आजोबा, तुमच्याकडे एखादं फसलेलं सर्किट आहे का?”

भंगारवाल्याने दाराशी उभे राहून रद्दी मागावी इतक्या सहजपणे माझ्या नातीने मला हा प्रश्न विचारला. गेल्या जानेवारीतली, नाशिकच्या ऐन थंडीतली गोष्ट. मी उन्हात खुर्ची टाकून मटार सोलीत बसलो होतो. निवृत्त माणसाकडे घरातली जी खाती येतात, त्यांत मटार सोलण्याचे खाते बरेच वरचे आहे. प्रश्न ऐकून हातातली शेंग हातातच राहिली. ज्या माणसाने अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात तीस वर्षे सर्किटे जुळवली, त्याला ‘तुमचे एखादे नामांकित सर्किट दाखवा’ असे न म्हणता ‘फसलेले दाखवा’ म्हणावयाचे!

“फसलेलंच कशाला?” मी जरा घुश्शातच विचारले.

“अहो आजोबा, कॉलेजात प्रत्येकाला एकेक सर्किट कॉम्प्युटरवर चालवून दाखवायचंय. सगळ्यांनी पुस्तकातली घेतलीत. ती चालणारच! चालणारं सर्किट चालवून दाखवण्यात काय मोठंसं?”

ही मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. वाद घालण्याच्या विद्येत मात्र तिने पदवी केव्हाच मिळवली आहे. काही तरी थातुरमातुर सांगून मी वेळ मारून नेणार होतो, इतक्यात स्वयंपाकघरातून आवाज आला,

“अहो, ती द्राक्षवाल्यांची पेटी दाखवा की तिला!”

मी गप्प झालो. त्या पेटीचे नाव आमच्या घरात किती तरी वर्षे कुणी काढले नव्हते. काही घरांत एखाद्या वाया गेलेल्या काकाचे नाव काढीत नाहीत ना, तसे. पण आता काढलेच होते. मी माळ्यावर चढलो आणि बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यातून तळहाताएवढा एक बोर्ड काढून नातीच्या हातात ठेवला. तांब्याच्या रेघा काळवंडल्या होत्या, एका कडेला रिले होता, मध्ये आठ पायांची एक चिप, आणि तिच्या शेजारी निळ्या कातड्यात गुंडाळलेला, दिसायला अगदी निरुपद्रवी असा एक कंडेन्सर. त्याच कंडेन्सरने मला एके काळी रडकुंडीला आणले होते.

ती हकीगत १९९१ सालची. शेतीला वीज बहुधा रात्री यायची, आणि केव्हा येईल ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. द्राक्षाच्या बागाईतदाराने रात्रभर विहिरीवर जागत बसावयाचे, वीज आली की स्टार्टरचे बटण दाबावयाचे आणि मोटर चालू झाली की घरी येऊन झोपावयाचे. ह्या जागरणातून त्याची सुटका करणारी एक पेटी मी तयार केली. वीज आली की पेटीने दोनएक मिनिटे थांबावयाचे आणि मग आपण होऊन स्टार्टर ओढावयाचा. थांबावयाचे अशासाठी, की मोटर सुरू होतेवेळी चालत्या मोटरीच्या पाच-सहा पट करंट घेते. वीज येताक्षणीच डीपीवरच्या साऱ्या मोटरी एकदम उठल्या, तर डीपीच बसावयाची!

पेटीतला बोर्ड मी स्वतः आखला होता. त्या काळी बोर्ड आखणे म्हणजे रांगोळी घालण्याइतकेच चिकाटीचे काम. पारदर्शक फिल्मवर, खऱ्या मापाच्या दुप्पट आकारात, काळ्या चिकट पट्ट्या लावीत जावयाचे. जिथे भोक पडावयाचे तिथे काळी टिकली. मग त्याचा फोटो काढून निम्म्यावर आणावयाचा, तो तांब्याच्या पत्र्यावर छापावयाचा आणि बोर्ड फेरिक क्लोराइडच्या तांबूस पाण्यात सोडावयाचा. छापलेले तेवढे तांबे राहते, बाकीचे विरघळते. पाउल आइस्लर नावाच्या एका ऑस्ट्रियन इंजिनियराने १९३६ साली लंडनमध्ये अशाच छापील बोर्डाचा रेडिओ करून दाखवला होता. तेव्हापासून पद्धत पुष्कळ सुधारली, पण एक गोष्ट तशीच राहिली. बोर्ड एकदा छापला की छापला. त्यातली चूक खोडरबराने पुसता येत नाही.

डिसेंबर-जानेवारीत मी असे १५० बोर्ड तयार केले. एकेक बोर्ड मी स्वतः टेबलावर मांडून तपासला. वीज दिली, घड्याळ लावले, ११० सेकंद मोजले, आणि ‘टक्’ करून रिले ओढला गेला. १५० वेळा टक्! देवाला नारळ फोडला, पेढे वाटले आणि निफाड, पिंपळगाव, दिंडोरी ह्या बाजूंना पेट्या पोचत्या केल्या. पैसे बरेचसे उधारीचे होते. पण उधारीवरच तर गाळे चालतात.

एप्रिल उजाडला. बागांची खरड छाटणी झाली, वेलींना पाण्याची गरज लागली आणि एके दिवशी निफाडकडचे एक बागाईतदार गाळ्याच्या दाराशी उभे राहिले.

“साहेब, लाईट येऊ ऱ्हायली, पण मोटर काही उठू नाही ऱ्हायली.”

मी पेटी परत मागवली, गाळ्यावर सकाळी जोडून पाहिली. ११० सेकंद, टक्! पेटी ठणठणीत. मी त्यांनाच चार शब्द सुनावले, तारा नीट जोडत चला म्हणून बजावले आणि पेटी परत दिली. आठवड्याने ते पुन्हा आले. त्यांच्या मागून आणखी तिघे आले. मग रीघ लागली. पेट्या शेतावर चालत नव्हत्या आणि गाळ्यात चालत होत्या. डॉक्टरांच्या दारात पाऊल टाकताच दाढदुखी थांबावी, तसला प्रकार. मी ट्रान्सफॉर्मर बदलले, रिले बदलले, चिप बदलली. तीन आठवडे हेच चालले होते. आणि त्या तीन आठवड्यांत तो निफाडचा गृहस्थ रोज रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर जात होता. जागरण टळावे म्हणूनच त्याने माझी पेटी घेतली होती, आणि मी मात्र घरी पंख्याखाली पडून होतो. ही गोष्ट त्याने मला कधी बोलून दाखवली नाही. त्याच्या धाकट्या भावाने सांगितली.

शेवटी उलगडा झाला तो आमच्या गच्चीवर. एप्रिल म्हणजे कुरडया-पापडांचा महिना. एका रविवारी सकाळी मी एक बोर्ड तपासायला म्हणून गच्चीवर नेला होता. तिथे तो चालू ठेवून मी खाली आलो आणि विसरलो. रिलेच्या जागी मी एक लाल दिवा जोडला होता. वेळ भरली की तो पेटायचा. सौभाग्यवती कुरडयांना कावळ्यांपासून राखीत वर बसली होती. दुपारी दीडच्या सुमारास ती खाली आली आणि घाम पुशीत म्हणाली,

“अहो, तुमचा तो दिवा सकाळी बटण दाबलं की थोड्या वेळानं लागत होता. मी मघापासून तीनदा दाबून पाहिलं. आता लागतच नाही.”

मी जिने दोन-दोन पायऱ्या टाकीत वर गेलो. बोर्डाला हात लावला, तो चटका बसला. कुरडयांच्या शेजारी तोही चांगला वाळला होता! मी तो उचलून खाली माठाशेजारी ठेवला. अर्ध्या तासाने बटण दाबले. ११० सेकंद, आणि दिवा लागला.

आता हे काय झाले, ते सांगतो. कंडेन्सर म्हणजे विजेचा एक लहानसा हौद. वरून १० लाख ओहमच्या रेझिस्टन्समधून त्यात वीज थेंबथेंब उतरत असते. १२ व्होल्टचा हा हौद दोन तृतीयांश भरला, म्हणजे ८ व्होल्टवर आला, की शेजारची चिप ओळखते की वेळ झाली. ही चिप ५५५ ह्या नंबराची. १९७१ साली हान्स कामेनझिंड ह्यांनी ती आखली, आणि तेव्हापासून जगातल्या असंख्य यंत्रांत ती घड्याळाचे काम करीत आली आहे. तिचा काहीच दोष नव्हता. दोष हौदाचा होता, किंवा खरे म्हणजे हौद निवडणाऱ्याचा. हा कंडेन्सर म्हणजे काही सिमेंटचा पक्का हौद नव्हे. त्याच्या तळाला बारीक झिरपा असतो. थंडीत तो जाणवत नाही. ऊन तापले की वाढतो. वरून थेंब पडतात, खालून तेवढेच गळतात, आणि पाणी ८ च्या खाली एका पातळीला येऊन थांबते. मग चिप बिचारी जन्मभर वाट पाहत राहते. मी पेट्या तपासल्या त्या नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत, आणि त्या चालावयाच्या होत्या एप्रिलमध्ये, विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीत. दिवसभर तापलेला पत्रा रात्री पेटीलाही तापवीत होता. कंडेन्सरच्या माहितीपत्रकात ह्या गळतीचा आकडा बारीक अक्षरात छापलेला असतो. मी तो वाचला नव्हता.

उपाय होता. ४०६० नावाची मोजणी करणारी चिप घ्यावयाची, तिला गळती नसलेला एवढासा प्लॅस्टिकचा कंडेन्सर जोडावयाचा आणि छोटे छोटे ठोके हजारो वेळा मोजून वेळ भरावयाची. पण त्यासाठी बोर्ड नवा. जुने १५० बोर्ड कचऱ्यात. नव्यांसाठी पैसा हवा होता, आणि तो सराफ बाजारातून आला. सौभाग्यवतीच्या पाटल्या तिथे ठेवल्या, त्या सोडवायला अडीच वर्षे लागली. ती कुठल्या लग्नकार्याला निघाली, की मी काही तरी काम काढून मागे राहत असे. तिच्या हातांकडे बघवत नसे.

हे सारे मी नातीला सांगितले. पाटल्यांचे मात्र सांगितले नाही.

तिने बोर्ड उलटसुलट करून पाहिला आणि आपला लॅपटॉप उघडला. “आता आपण हे ई-सिमवर घालू.”

ई-सिम म्हणजे मोबाइलमध्ये असते ते नव्हे. माझाही प्रथम तोच गैरसमज झाला होता. हे एक सॉफ्टवेअर आहे. पवईच्या आयआयटीत ‘फॉसी’ नावाचा एक प्रकल्प आहे. शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करावा ह्यासाठी केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने त्याला पैसा दिला. त्या प्रकल्पातल्या मंडळींनी ते तयार केले. पूर्वी त्याचे नाव ऑस्कॅड असे होते. पडद्यावर सर्किट काढा, ते चालेल की नाही ते तिथल्या तिथे पाहा, आणि चालले तर त्याच सॉफ्टवेअरमध्ये बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा आखा. पैसे द्यावयाचे नाहीत, परवाना मागावयाचा नाही.

‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण हसत हसत म्हणतो. पण मनातून आपला फुकटावर विश्वास नसतो. मी नातीला तसे बोलूनही दाखवले. ती म्हणाली, “फुकट नाही आजोबा, मुक्त. आतलं सगळं उघडं आहे. कुणीही पाहावं, दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं.” मग मी दोन दिवस बसून ह्या उघड्या वाड्यात कोण कोण राहून गेले ते वाचून काढले, आणि मला मोठी मौज वाटली.

ह्या ई-सिमच्या पोटात जो आकडेमोड करणारा भाग आहे, त्याचा मूळपुरुष अमेरिकेतला. बर्कलीच्या विद्यापीठात १९७० च्या सुमारास प्राध्यापक रोहरर ह्यांच्या हाताखाली लॉरेन्स नेगल आणि इतर विद्यार्थ्यांनी सर्किटांची गणिते सोडवणारा एक प्रोग्रॅम रचला. त्याचे नाव त्यांनी ‘कॅन्सर’ ठेवले! नावातल्या शेवटच्या दोन अक्षरांचा अर्थ होता ‘किरणोत्सर्ग वगळून’. त्या वेळी असले पुष्कळसे काम लष्कराच्या पैशावर चाले आणि अण्वस्त्रांच्या किरणोत्सर्गात सर्किटांचे काय होईल, ते त्यात पाहावे लागे. ह्या मुलांनी ते वगळले आणि नावातच तसे सांगून टाकले. पुढे प्राध्यापक डोनल्ड पीडरसन ह्यांच्या हाताखाली त्याचे नवे रूप आले, त्याचे नाव ‘स्पाइस’. १९७३ साली कॅनडातल्या वॉटर्लू येथील परिषदेत ते लोकांपुढे मांडले गेले. पीडरसन ह्यांचा आग्रह असा, की हा प्रोग्रॅम कुणालाही मिळाला पाहिजे. लोक टेपवर प्रती घेऊन गेले आणि जगभर तो पसरला. त्याच घराण्यातला आजचा वंशज ‘एन्जी-स्पाइस’, आणि तोच ई-सिममध्ये बसला आहे. बोर्ड आखणारा भाग ‘की-कॅड’ नावाचा. १९९२ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या जाँ-पिएर शारास ह्या गृहस्थांनी तो सुरू केला. पुढे जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या मोठ्या प्रयोगशाळेनेही त्याला हातभार लावला. म्हणजे मसाला बर्कलीचा, परात फ्रान्सची, चूल पवईची आणि ताट वाढले गेले सिडकोतल्या आमच्या दिवाणखान्यात!

आमच्या वेळी असली सॉफ्टवेअरे नव्हती असे नव्हे. होती, पण विकत, आणि तीही परदेशी. मी एकदा एकाची किंमत विचारली होती. पुन्हा विचारली नाही. पुढे एका परिचिताने फ्लॉपीवर घालून एक चोरीची प्रत आणून दिली आणि मी ती मुकाट्याने वापरली. लहान कारखानदारापुढे त्या वेळी दोनच वाटा होत्या. एक चोरीची, आणि दुसरी तीनतिघाडा काम बिघाडा करीत बोर्ड जाळून शिकण्याची. मी दोन्ही वाटांनी चाललो आहे.

असो. नातीने सर्किट पडद्यावर उतरवले. १० लाखांचा रेझिस्टन्स, १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, ५५५ ची चिप, १२ व्होल्टचा पुरवठा. बटण दाबले. यंत्राने काही तरी इंग्रजीत कुरकुर केली आणि ते बसून राहिले.

“काय झालं?”

“शून्य सांगायला विसरले.”

मी विचारात पडलो, तेव्हा तिने समजावून दिले. सर्किटातली एक जागा शून्य व्होल्टची म्हणून ठरवून द्यावी लागते. बाकीचे सारे आकडे त्या जागेपासून मोजले जातात. ती सांगितली नाही, तर ह्या यंत्राला एक पाऊल पुढे टाकता येत नाही. तिने सर्किटाच्या पायथ्याशी जमिनीची खूण काढली आणि पुन्हा बटण दाबले.

पडद्यावर एक रेघ उगवली. आधी भराभर, मग जरा आळसावत ती वर चढली, ८ व्होल्टला टेकली आणि त्याच क्षणी खाली दुसऱ्या रेघेने टुणकन उडी घेतली. तळाशी पाहिले, तो ११० सेकंद. प्रत्यक्ष यंत्राला हे ११० सेकंद घालवायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागला नव्हता.

“आजोबा!” नात ओरडली, “हे तर चालतंय! मग फसलं कुठे? तुमचं सर्किट बरोबरच होतं!”

वाचकहो, खरे सांगतो, त्या क्षणी मला फार बरे वाटले. खोट्या खटल्यातून निर्दोष सुटलेल्या माणसाला वाटत असेल तसे. इतक्या वर्षांनी एक यंत्र, तेही बर्कली, ग्रेनोबल आणि पवई अशा तीन गावांचे पाणी प्यायलेले, माझ्या बाजूने साक्ष देत होते. इथेच लॅपटॉप मिटून चहा मागवावा, असा मोहही मला झाला.

पण ती साक्ष खोटी होती. यंत्राने खोटे सांगितले नव्हते. आम्हीच त्याला अर्धे सांगितले होते. पडद्यावरचा कंडेन्सर हा पुस्तकातला कंडेन्सर. तो गळत नाही, तापत नाही, म्हातारा होत नाही. निफाड कुठे आहे आणि एप्रिल कशाशी खातात, हे त्या यंत्राला ठाऊक नव्हते.

“कंडेन्सरच्या दोन्ही पायांवर एक रेझिस्टन्स जोड,” मी म्हणालो. “ती गळती समज. ३० लाख ओहम घाल.”

तिने घातला. रेघ पुन्हा चढली, पण ह्या वेळी रेंगाळली. ८ व्होल्टला पोचायला तिला ११० च्या जागी १६५ सेकंद लागले.

“आता १५ लाख कर.”

रेघ चढली. ५, ६, ७... आणि ७.२ व्होल्टवर येऊन आडवी झाली. नातीने वेळ वाढवून दिली, पाच मिनिटे, दहा मिनिटे. रेघ आडवीच. खालची रेघ हललीच नाही.

आम्ही दोघेही काही बोललो नाही. दहा मिनिटांची ती आडवी रेघ मी ओळखत होतो. तिच्या खाली विहिरीकडे जाणारी एक पायवाट होती आणि त्या वाटेवर रात्री दोन वाजता बॅटरी घेतलेला एक माणूस होता. तीन आठवडे आणि १५० बोर्ड खर्चून मला जे समजले होते, ते ह्या पोरीने मटार सोलून व्हायच्या आत पडद्यावर काढले होते.

त्या रात्री मी अंथरुणावर पडून एक विचार करीत होतो. १९९१ साली मला हे सॉफ्टवेअर मिळाले असते, तर माझी चूक टळली असती का? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर नाही. मी पुस्तकातलाच कंडेन्सर काढला असता, ११० सेकंद पाहिले असते आणि दुप्पट हिमतीने १५० बोर्ड छापले असते. यंत्राचे प्रशस्तिपत्र खिशात घालून मी त्या निफाडच्या माणसाला आणखी चार शब्द सुनावले असते! ह्या यंत्राची एक खोड मला पुढे कळली. ट्रान्झिस्टरवर त्याच्या ताकदीच्या वीसपट व्होल्ट आले, तरी पडद्यावरचा तो साधा ट्रान्झिस्टर जळत नाही. रिलेचे वेटोळे बंद करताना उसळणारी वीज थोपवायला डायोड लावायचे राहिले, तर पाचशे-सातशे व्होल्टचा आकडा ते शांतपणे दाखवते. खरा ट्रान्झिस्टर ४५ व्होल्टचा असला, तर तो तिथे केव्हाच गेलेला असतो. तो गेला, हे आकडा पाहणाऱ्याला कळावे लागते.

मग ह्या मुक्त सॉफ्टवेअरने दिले काय? माझ्या मते त्याने प्रश्न स्वस्त केला. मी सहजपणे ‘३० लाख’ म्हणालो, ‘१५ लाख’ म्हणालो. त्यानंतर नातीने स्वतःच्या मनाने २० लाख करून पाहिले, ५ लाख करून पाहिले, चिपचा पुरवठा उतरवून पाहिला. एका संध्याकाळी तिने त्या सर्किटाला पन्नास प्रश्न विचारले. मी त्याला आयुष्यात पाच विचारले असतील, कारण माझ्या वेळी दर प्रश्नाला एक बोर्ड लागे, आणि बोर्डाला पैसे लागत. ‘तापल्यावर काय होईल?’ हा प्रश्न मला सुचण्यासारखा नव्हता असे नाही. कुठे तरी मनात तो आलाही असेल. पण ज्याच्या गाठीला पैसा नसतो, तो असले प्रश्न मनातल्या मनात दडपतो आणि ‘चालेल’ असे म्हणतो. मोठ्या कंपन्या आपल्या चुका बंद प्रयोगशाळेत करीत होत्या. आम्ही लहान माणसे आमच्या चुका दुसऱ्यांच्या शेतावर करीत होतो, आणि त्यांचे बिल तिसऱ्याच कुणाच्या तरी पाटल्यांतून फिटत होते. आज अंबड-सातपूरच्या गाळ्यातल्या पोराला ती चूक आधी पडद्यावर करता येते, ह्याचे मोल मला समजते. आणि ज्यांनी आपले काम मोफत लोकांपुढे ठेवले, त्या कधी न पाहिलेल्या माणसांचे ऋण मला वाटते.

पुढे आठवडाभर नात माझ्याजवळ बसून बोर्ड आखीत होती. काळ्या पट्ट्या नाहीत, टिकल्या नाहीत; माउसने तांब्याच्या रेघा ओढावयाच्या. दोन रेघा फार जवळ आल्या की यंत्र लगेच खूण करून दाखवते. मी म्हटले, “रेघा जवळ आल्या ते त्याला दिसतं. पण झाळकाम झाल्यावर बोर्ड न धुता तसाच ठेवला, फ्लक्स राहिला, वर धूळ बसली, पावसाळ्यात ओल धरली, तर त्या दोन रेघांमध्ये काय तयार होतं?”

ती क्षणभर थांबली. “रेझिस्टन्स?”

“तोच. चित्रात न काढलेला.”

तिने वहीत लिहून घेतले. मला वाटते, शिकवणे शिकवणे म्हणतात ते एवढेच असावे. ज्याला जिथे चटका बसला, तेवढी जागा त्याने पुढच्याला दाखवून ठेवावी.

फॉसीच्या मंडळींची एक चांगली पद्धत आहे. विद्यार्थ्यांनी ई-सिमवर केलेली सर्किटे ते मागवून घेतात, तपासतात आणि सर्वांना पाहण्यासाठी खुली ठेवतात. नातीने आमचे सर्किट गळतीसकट तिकडे पाठवावयाचे ठरवले. मी आधी कां-कूं केले. माणूस आपली कीर्ती पाठवतो. अपकीर्ती कशाला पाठवावी? पण मग मनात आले, की बर्कलीच्या त्या मुलांनी आपले काम तिजोरीत ठेवले असते, तर माझ्या दिवाणखान्यात ती रेघ उगवली नसती. माझ्यापाशी देण्यासारखे दुसरे आहे तरी काय? एक गळका कंडेन्सर आहे, तो देऊ.

“फाइलला नाव काय देऊ?” नातीने विचारले.

मी ‘टाइमर’ वगैरे सुचवीत होतो. स्वयंपाकघरातून आवाज आला, “कुरडई दे.”

तेच नाव दिले.

तो निफाडचा बागाईतदार आता हयात नाही. त्याचा मुलगा घरात बसून मोबाइलवरून मोटर चालू करतो. पण दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या घरातून आमच्याकडे द्राक्षांची एक पेटी येते. ह्या वर्षीही आली. ती उघडताना नातीने आजीच्या हातांकडे पाहिले आणि म्हणाली, “आजी, आता असं काही झालं, तर पाटल्या गहाण टाकायची पाळी नाही येणार हं.”

मी चमकलो. म्हणजे सौभाग्यवतीने तिला ते कधीच सांगितले होते!

“ते खरं गं बाई,” द्राक्षांचा एक घोस पाण्याखाली धरीत सौभाग्यवती म्हणाली, “पण कुरडया राखायला कुणी तरी दुपारचं गच्चीवर बसायला हवंच की.”